रिकामा येणारा डबा

मी डबा बोलतोय. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, एका बाजूने चेपलेला. झाकणावर मशीनने 'कौशल्या' असं कोरलंय, लग्नातलं आंदण म्हणून. पण पंधरा वर्षं मी फळीवर पालथा पडून होतो. कौशल्याबाईंची लेक पौर्णिमा नववीत गेली, आठवीपर्यंत मिळणारी शाळेतली खिचडी बंद झाली, तेव्हा कुठे माझी आठवण झाली.

कौशल्याबाई अमरावतीत राजापेठेतल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटतात. क्लासला आलेली पोरं तिथे पोटभर जेवतात. स्वतःच्या लेकीसाठी त्या पहाटे माझ्यात दोन पोळ्या आणि लालभडक भाजी भरून निघून जातात.

मागे घरात उरतात पौर्णिमा आणि तिचे आजोबा, देवमन आबाजी. आबाजींना उठल्या उठल्या खर्रा लागतो. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. "पौर्णे, जाय वं, ठेल्यावरून खर्रा आन." आणून दिला की म्हणायचे, "घे, चिमूटभर तुले." आमच्या वस्तीत याला कुणी वाईट म्हणत नाही. नातीचे लाड म्हणतात.

चिमटीची पुडी झाली. खर्रा खाल्ला की भूक मरते. पुढे तर तोंडाची आग व्हायला लागली, तिखट भाजी जिभेला लावता येईना. शाळेच्या भिंतीमागे एक बकरी असते. माझ्या पोळ्या ती खायची आणि रिकाम्या कप्प्यात पुडी बसायची. मला लाज वाटायची, पण डब्याने करायचं काय?

संध्याकाळी मला घासताना कौशल्याबाई खूश असायच्या. "पोरगी डबा कसा चाटूनपुसून आनते!" एकदा त्यांना माझ्यातून खर्र्याचा वास आला. मला वाटलं, सुटलो. तर त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "मामाजी, पोरीच्या डब्याले हात नोका लावत जाऊ."

आबाजींनी 'बरं' म्हटलं आणि आपली पुडी खिशात सारली. पौर्णिमाने दप्तर उघडलं.

मग शाळेत वजन झालं, ते फारच कमी भरलं. त्या दिवशी कौशल्याबाईंनी मेसमधून एक उकडलेलं अंडं आणलं, माझ्यात ठेवलं आणि लेकीला समोर बसवलं. "खाय, माह्या समोर खाय." पौर्णिमाने अंडं तोंडाशी नेलं. ते दातांतून आत जाईना.

"तोंड उघड नं वं!"

"नाई उघडत, माय."

कौशल्याबाई आधी हसल्या. मग त्यांनी बोट घालून पाहिलं. दोन बोटंही मावेनात. बोट बाहेर काढलं आणि नाकाशी नेलं. वास तोच होता, माझ्यातला. आबाजींनी मान खाली घातली.

डॉक्टर म्हणाले, खर्र्याने तोंड आखडलंय, तो आजपासून बंद. पण तोंड पहिल्यासारखं उघडेल, असं काही सांगता येत नाही. आता माझ्यात पातळ, बिनतिखटाची खिचडी येते. कौशल्याबाई रोज विचारतात, "खाल्ली नं?" पौर्णिमा मान डोलावते.

तुमच्या घरी डबा रिकामा आला, तर लगेच खूश होऊ नका. एकदा त्याचा वास घेऊन बघा, एवढंच मागणं आहे माझं.

आज खिचडी बकरीने खाल्ली. पौर्णिमाने माझ्या वरच्या कप्प्यात पुडी ठेवली आणि कडी लावली. ती कडी मला आतून काढता येत नाही.