माझ्या पोटावरची सावली

मी छत्री बोलतेय. पावसात उघडतात ती नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आमच्या मुलगारा गावात पाऊस इतका क्वचित पडतो की तसली छत्री कुणाच्या घरात सापडायची नाही. मी आकाशाकडे तोंड करून बसणारी, जाळीची, दीड पुरुष रुंद छत्री आहे. पोटासमोर तीन काड्यांवर एक डबा बसवलाय, त्याला मी माझं नाक म्हणते. वरून उपग्रह जातो, त्याचा आवाज मी पोटावर झेलते आणि नाकात सोडते. देवाने नाही, ॲडलेडच्या एका कारखान्याने मला घडवलं, त्यामुळे अवयवांची जागा थोडी इकडची तिकडे आहे.

माझा पहिला मालक एक पबवाला होता. वाळवंटातल्या त्याच्या पबवर मी वर्षानुवर्षं एकाच उपग्रहाकडे टक लावून उभी होते आणि लोकांना क्रिकेट दाखवत होते. मॅच हरली की लोक बाहेर येऊन मला शिव्या द्यायचे, जणू झेल मीच सोडला होता. पुढे ताटाएवढ्या छत्र्या आल्या आणि मला शेडमागे टाकलं. गुलाबी पोटाचे गलाह काकाकुवे माझ्या काठावर बसून माझीच वायर कुरतडायचे. मला वाटलं, संपलं आपलं.

तिथून मला वॉली ट्रेगेन्झाने उचललं, बिअरच्या एका खोक्याच्या बदल्यात. वॉली आमच्या गावच्या खाणीचा मोजणीदार. जमिनीखाली बोगदा कुठे वळवायचा, दोन बाजूंनी खणत येणारी माणसं कुठे भेटणार, हे तो सांगायचा आणि ती तिथेच भेटायची. निवृत्त झाल्यावर हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात तो वरचं मोजायला लागला. टेकडीवर क्लबची पत्र्याची खोली आहे, तिच्या बाजूला त्याने मला उभं केलं.

काय निगुतीने केलं म्हणून सांगू. ओळंबा सोडून खांब सरळ केला. बुडाशी गोल कड्यावर पांढऱ्या रंगाने अंश रंगवले. इथल्या लोखंडी मातीत होकायंत्राची सुई पिसाळल्यासारखी फिरते, म्हणून उत्तरेची खूण त्याने मोठ्या रस्त्याच्या रेषेत मारली. रस्ता खाणीच्या मनोऱ्याकडे थेट उत्तरेला जातो, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही सांगेल. मात्र आकडे रंगवले तेवढेच, बघितले त्याने कधी नाहीत. तो कानाला हेडफोन लावायचा, माझा दांडा धरायचा आणि आवाज मोठा होईल तिकडे मला वळवत जायचा. त्याच्या हातात मी कधी चुकले नाही. त्या हातांची मला आजही आठवण येते.

मग ते हात सांध्यांनी आखडले. दांडा धरवेना. तेव्हा मार्टा व्हुकोविच पुढे आली. दूरच्या मेंढीफार्मांवरच्या मुलांना ती रेडिओवरून गणित शिकवते. तिने रात्रंदिवस खपून एक प्रोग्राम लिहिला: उपग्रह कुठल्या क्षणी कुठे असेल ते त्याने काढायचं आणि माझ्या दोन मोटरींना सांगायचं. एक मोटर मला आडवी फिरवते, दुसरी वर-खाली. वॉलीच्या खुणांवरच मोटरींचे आकडे बसवले.

आणि तेव्हाच मोठं काम आलं. मार्टाच्या शाळेच्या मुलांचे आवाज एका चिमुकल्या उपग्रहात भरून वर पाठवले होते. तो खाली खाली येत चालला होता, लवकरच जळून जाणार होता. शनिवारी दुपारी तो आमच्या डोक्यावरून जायचा होता, आणि दिवसदिवस गाडीने प्रवास करून मुलं स्वतःचा आवाज ऐकायला टेकडीवर येणार होती. आवाज इतका बारीक की मी नेमकी समोर नसले तर नुसती खरखर.

मार्टाने आठवडाभर आधी चाचण्या सुरू केल्या. दुसरे उपग्रह धरून पाहिले. खरखर. पुन्हा पाहिले. पुन्हा खरखर.

क्लबचा अध्यक्ष डेस पास्को बाहेर शेगडीवर सॉसेज परतत होता. तो म्हणाला, "मार्टा, तुझा प्रोग्राम उपग्रहामागे जात नाही गं. शेजारच्या मेंढ्या राखतोय बहुतेक."

"माझी दोन बोटं जरी धड असती ना," वॉली म्हणाला, "तर या कॉम्प्युटरच्या पाया पडायची वेळ आली नसती."

"धड होती तेव्हा तरी तू कुणाला हात लावू दिलास तिला?" मार्टा म्हणाली. "बायकोपेक्षा जास्त जपायचास."

"बायको माझ्याशिवायही दिशा चुकत नव्हती."

सगळे हसले, मार्टा नाही. ब्रेडमध्ये गुंडाळलेलं सॉसेज तिच्या हातात तसंच गार झालं. "शनिवारी मुलांना खरखर ऐकवण्यापेक्षा मी आत्ताच त्यांना येऊ नका म्हणून कळवते," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं, कारण चुकीच्या जागी तोंड करून उभी मी होते आणि बोलणी ती खात होती.

पण बाई हार मानणारी नव्हे. तिने स्वतःलाच उलटतपासणीला उभं केलं. "उपग्रह सापडला नाही की चूक कुणाची ते कळत नाही," ती म्हणाली. "आपण सूर्यावर तपासू. तो कुठे आहे ते साऱ्या जगाला माहीत असतं."

आधी तिने आपल्या प्रोग्रामने काढलेली सूर्याची जागा वेधशाळेच्या छापील कोष्टकाशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळली. मग संध्याकाळी सूर्य खाली आल्यावर माझ्या नाकाला ओला टॉवेल गुंडाळून मला त्याच्याकडे वळवलं. मी जाळीची, म्हणून निभावलं. चकचकीत पत्र्याची असते तर नाकच वितळलं असतं. मी बरोबर सूर्यासमोर असले तर नाकाची सावली माझ्या पोटाच्या मध्यावर पडायला हवी.

ती पडली वीतभर बाजूला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिलं. उंची अगदी बरोबर, आणि सावली पुन्हा वीतभर बाजूला, त्याच अंगाला. मार्टाचे डोळे चमकले. "चूक एकसारखी आहे. म्हणजे माझं गणित बरोबर आहे. आडव्या आकड्यात तेवढी वजाबाकी टाकली की झालं."

"मग टाक आणि सुटलो," डेस म्हणाला. "कशाला खोलात जायचं?"

वॉली माझ्या पोटाशी आला आणि त्या सावलीकडे बघत राहिला. मग वळून त्याने मोठ्या रस्त्याकडे पाहिलं, रस्त्याच्या टोकाच्या मनोऱ्याकडे पाहिलं, कोन मोजायला हात लांब करून मूठ धरली आणि परत सावलीकडे आला. त्याचा चेहरा पडलेला मी जवळून पाहिला.

"हा कोन माझ्या ओळखीचा आहे," तो म्हणाला.

"कसला कोन?"

"खाणीचा. धातूची शीर तिरपी जाते. नकाशे काढायला सोपं पडावं म्हणून जुन्या लोकांनी शिरेलाच उत्तर दिशा म्हटलं. गाव वसवलं ते तिच्याच रेषेत. सरकारला नकाशा पाठवताना हा एवढा कोन मी जन्मभर वजा केला." त्याने पुन्हा मूठ दाखवली. "आणि हिला बसवताना विसरलो."

त्या टेकडीवरच्या प्रत्येकाने आयुष्यभर त्या रस्त्याला उत्तर म्हटलं होतं. मार्टानेही.

"अरे, मग काय झालं?" ती हळूच म्हणाली. "मी वजाबाकी टाकते. बाहेर कुणाला कळणार पण नाही."

"नाही टाकायची," वॉली म्हणाला. "तुझं बरोबर आहे ते माझ्या चुकीसाठी वाकवायचं नाही. पाना आण. आणि डेस, आठवडाभर तू मार्टाची टिंगल केलीस ना? आता माझी कर."

डेसने केली नाही. त्याने शेगडी विझवली आणि पाना आणला.

जन्मभर ज्याचं मोजमाप कुणी खोडून काढलं नव्हतं, तो माणूस चार जणांसमोर आपली चूक आपल्या तोंडाने सांगत होता. मी खूप माणसं पाहिली, माझ्यावर खेकसणारीच जास्त. त्या सकाळी मला वॉलीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता, आणि मार्टाचाही. तिने प्रोग्राम खरा ठरवायला चाचणी घेतली नव्हती, खोटा ठरला तर ठरू दे म्हणून घेतली होती.

वॉलीला बोल्ट पिळवत नव्हते. तो सावलीकडे बघून सांगत होता आणि मार्टा मला ढकलत होती. "अजून. अजून थोडी. थांब." सावली मध्यावर आली. मग त्याने आखडलेल्या हाताने आपली जुनी पांढरी खूण रंगाने बुजवली आणि नवी मारली.

शनिवारी मुलं आली. एरवी रेडिओवरच भेटणारी पोरं एकमेकांना जरा लाजत होती. मोटरी घुरघुरल्या, मी वळले, वर चढत गेले. आधी खरखर आली. मग तिच्यातून एक आवाज निघाला, "हॅलो, मी विनी, आमच्या कुत्र्याचं नाव बिस्किट." खाली उभी असलेली विनी आईला बिलगून रडायला लागली आणि बाकीची हसायला लागली. एकामागून एक सगळे आवाज आले. वॉली कानाला हेडफोन न लावता ऐकत बसला होता, हात मांडीवर ठेवून.

पुढच्या हिवाळ्यात वॉली गेला. जाण्याआधी तो मार्टाला म्हणाला होता, "मला रस्त्याच्या ओळीत पुरू नका. एकदा चुकलो तेवढं पुरे." तिने सूर्यावरून रेषा आखून दिली, कबर खणणारा कुरकुरत होता तरी.

मी आता म्हातारी झालेय. जाळी गंजतेय, गलाह अजून वायर कुरतडतात. पण वर्षातून एकदा मार्टा ओला टॉवेल घेऊन येते, माझं नाक झाकते आणि सावली मध्यावर पडते का ते बघते. पडते.

टेकडीच्या पायथ्याशी दफनभूमी आहे. कधी आलात तर ओळीतून मुठीएवढ्या कोनात वळलेला एक दगड दिसेल. पुरणाऱ्याने घाई केली असं समजू नका आणि कृपा करून तो ओळीत आणायला जाऊ नका. आख्ख्या मुलगारात खऱ्या उत्तरेला धरून आम्ही दोघंच आहोत.