चकात राहिलेला भोवरा

दिवसभर कंपनीत लेथ चालवून आलेला माणूस घरी येऊनही लेथच लावतो, याचं मला हसू यायचं. "हलवाई घरी जाऊन परत जिलब्या तळतो का रे?" मी विचारायचे. भाग्येश म्हणायचा, "तिथं कंपनीचं काम. इथं माझं."

बोईसरच्या आमच्या भाड्याच्या खोलीमागे पत्र्याची पडवी आहे. तोच त्याचा कारखाना. पडवीची उतरती जमीन त्यानं स्वतः सिमेंट ओतून, पुन्हा पुन्हा पाणसळ ठेवून सारखी केली. मग धातू कातायचा भंगारातला छोटा लेथ आणला, शेजाऱ्यांना आवाज नको म्हणून खाली टायरचे तुकडे दिले. दिपू चालायला लागल्यावर दाराला आडवी फळी ठोकली. ती फळीला लोंबकळत बाबाचं काम बघायची. काम झालं की तो तिला उचलून घ्यायचा, आणि मग मी तिच्या केसांतून पितळेचा कीस वेचत बसायचे.

शेवटचं काम दिपूच्या भोवऱ्याचं. पितळेचा. खालचं टोक आणि पोट झालं होतं, वरची मूठ राहिली होती. तेवढी सळई चकात, म्हणजे लेथच्या जबड्यात, आवळलेली.

"काढून दाखव की," मी म्हटलं.

"आत्ता नाही. एकदा चक सोडला की परत त्याच सेंटरला बसत नाही. केसभर सरकलं तरी भोवरा डुगडुगणार."

मार्चमध्ये, कामावर जाताना, ट्रकनं त्याला उडवलं. भोवरा चकातच राहिला. मी पडवी झाडायचे, लेथवर फडकं मारायचे, पण चकाला हात लावला नाही.

त्याच्या शिफ्टचा अंकुश उमरोळीचा. तो म्हणाला, "वैनी, दसऱ्यानंतर येतो. जिथं सोडलंय तिथनंच पुढं करीन. भाग्याचा हात मला ठावं हाय." मी आनंदानं दिपूला सांगूनही टाकलं, बाबानं केलेला भोवरा तुला मिळणार.

खंडेनवमीला मी झेंडू आणायला बाजारात गेले. रंभाबाई, माझ्या सासूबाई, भाग्येश गेल्यापासून बीडकडचं गाव सोडून आमच्याजवळच आहेत. गावी त्या या दिवशी विळे, कोयते घासून पूजतात. मी परत आले तर लेथ लख्ख पुसलेला, त्याला हळदकुंकू लावलेलं, आणि पाटावर, भाग्येशच्या फोटोपुढे, भोवरा. चिंचेनं घासलेला.

"अडकून बसला व्हता बघ त्यात," त्या म्हणाल्या. "खिळ्यावरची चावी घेतली, त्यो फिरवायचा तशी फिरवली, निघाला. माझ्या लेकराच्या हातचं हाय. पूजेला नको का?"

कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळला होता.

"छान केलंत, आई," मी म्हटलं.

रविवारी अंकुश आला. भोवरा चकात धरला, वर काट्याचं मापक टेकवलं, चक हातानं फिरवला. काटा थरथरत राहिला. त्यानं सोडला, आवळला, लाकडी हातोडीनं हलकेच ठोकला. मग हळूच म्हणाला, "कोनी काढला, वैनी?"

आत सासूबाई दिपूला भात भरवत होत्या.

"माझ्याच हातून सुटला."

"नवा करून देऊ? एकदम सरळ चालेल."

"नको. हाच पुरा करा."

मूठ झाली, भोवरा कापून हातात आला, अजून कोमट. अंकुश चहासाठीही थांबला नाही.

दिपूनं घरात तो फिरवला. डुगडुगला आणि कलंडला. पुन्हा फिरवला, पुन्हा तसाच.

"बाबानं नीट नाही केला," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. बाबानं अगदी नीट केला होता गं, एवढंच म्हणायचं होतं. पण मग 'बिघडला कसा' हे तिनं विचारलं असतं, आणि सासूबाई समोरच होत्या.

"फरशी वाकडी आहे आपली," मी म्हटलं.

"तर काय!" सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "माझ्या भाग्याचं काम कदी वाकडं नसतंय. चल गं दिपे, मागं चल. तुझ्या बापानं सारखी केलेली भुई हाय ना तिथं."

दोघी फळी ओलांडून पडवीत गेल्या. मी भाताचं ताट हातात घेऊन उभी राहिले. सिमेंटवर पितळ आपटल्याचा आवाज आला. मग सासूबाईंचा, "थांब, तुला येत नाय. मला दे." आणि परत तोच आवाज.