भरलेली कणगी

“काट्याकडं पाठ करून उभी ऱ्हाऊ का, बाई?” कुसाबाईनं नर्सला विचारलं.

“तोंड कुठंही करा, वजन तेवढंच भरतं,” नर्स म्हणाली. पण काट्यावर वाकताच तिच्या कपाळाला आठी पडली. “मागच्या सोमवारपेक्षा कमी? डॉक्टर, जरा बघता का?”

कुसाबाई मात्र मनातून हरखली.

सिन्नरच्या विड्या वळणाऱ्या बायकांत ती जन्मभर ‘कणगी’ म्हणूनच ओळखली गेली. धान्य साठवायच्या फुगीर कणगीवरून हे नाव ठेवलं होतं खुद्द नवऱ्यानं. रंगनाथ शिंपी अंगानं कापड मोजायच्या गजासारखा सडपातळ, बायकोचं पोलकं बेतताना भर गिऱ्हाइकात म्हणायचा, “कणगी हाय ती, अर्धा वार जादा लागतो!” लोक हसायचे, तीही हसायची. हसण्यावारी नेलं नाही तर रडत बसावं लागतं, हे ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली होती.

त्र्याऐंशी साली तिचा खोकला हटेना, थुंकीतून रक्त पडायला लागलं. नाशिकच्या दवाखान्यात फोटो काढला, तर उजव्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ. तेवढा भाग कापून काढायचं ठरलं. तोवर दर सोमवारी एसटीनं यायचं आणि काट्यावर उभं राहायचं.

डॉक्टर आले. “जेवण जात नाही का, बाई?”

“जातंय की, पन ही रातची जेवतच नाय,” सोबत आलेला रंगनाथ मध्येच म्हणाला. “उपास हाय म्हन्ती.”

“कसला उपास?”

कुसाबाईनं पदर ओढून घेतला. “डाक्टरसाहेब, त्या दिवशी मला टेबलावर चढवाया चार मान्सं लागतील. समदी हसतील. आन् एवढं मांस कापत तुमी गाठीपातुर कवा पोचायचं? म्हनलं, जरा हलकी होऊन यावं.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले.

“कुसाबाई, छाती उघडल्यावर माणूस कित्येक दिवस धड जेवत नाही. अंगात साठवलेलं असतं त्यावरच निभावतं. वाळलेला पेशंट आला की मला घोर लागतो. तुमच्यासारखी भरल्या अंगाची बाई आली की निम्मा घोर कमी होतो. ही तुमची बेगमी आहे, ती उधळू नका. वजन असंच उतरत राहिलं तर मी ऑपरेशनला हात लावणार नाही.”

कुसाबाईला रडू कोसळलं. या अंगाला कोणी चांगलं म्हटलेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. रंगनाथ खाली बघत टोपी चुरगाळत राहिला.

घरी आल्यावर त्यानं मशीन बंद ठेवलं. शेंगदाणे भाजले, कुटले, गूळ घालून लाडू वळले. वेडेवाकडे झाले होते. त्यातला एक तिच्यापुढे धरला.

“लोक कणगी म्हन्त्याल,” ती म्हणाली.

“म्हनू दे. रिकामी कणगी मला बघवायची नाय. खा.”

ती खात गेली. काटा पुन्हा वर सरकला आणि डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. पुढचे कितीतरी दिवस पेजही घशाखाली उतरेना. ताप आला, गेला, फिरून आला. कुसाबाई झडत गेली, पण तगली. निरोप घेताना ती डॉक्टरांच्या पाया पडली. त्यांनी खांदे धरून उठवलं तर पार हलकी लागली.

गल्लीत पाऊल टाकताच शेजारची मंगलाबाई म्हणाली, “अगं बया, कशी शेलाटी झालीस! नशीब काढलंस!”

कुसाबाईनं दंडाची सैल कातडी हळूच कुरवाळली. “लय बोल खाल्ले गं त्या मांसानं माझ्यापायी. आन् जाता जाता मला वाचवून गेलं. त्याचे उपकार कसे फेडू?”

संध्याकाळी रंगनाथ तिची पोलकी आटवायला बसला. जादा कापडाला त्यानं कात्री लावली नाही. आत दुमडलं आणि हातानंच सैल धावदोरा घालू लागला.

“मशीनवर पक्की टीप का नाय मारत?”

“पुन्हा उसवाया लागंल ना,” तो मान वर न करता म्हणाला.

कुसाबाईनं टोपलं पुढं ओढलं आणि दुसरी भाकरी घेतली.