कपाटातली घरघर

घर्रर्र.

दुपारी ठकूचा आत्ता कुठे डोळा लागला होता, घर गप्प झालं होतं, आणि नेमका तेव्हाच लॅपटॉपचा पंखा सुरू झाला. कपड्यांच्या कपाटात, नवऱ्याच्या शर्टांखाली मांडी घालून बसलेल्या ठकूच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला. "डोंगरात सगळीकडे शांतता पसरली होती," एवढं एकच वाक्य तिनं माइकमध्ये वाचलं होतं, आणि त्या शांततेत मांडीवरच्या जुन्या विंडोजवाल्या लॅपटॉपनं दळण घातलं होतं.

ज्या मुलांना डोळ्यांनी पुस्तक वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ती शाळेचे धडे वाचून रेकॉर्ड करायची. स्टुडिओ म्हणजे हे कपाट. टांगलेले कपडे आवाज पिऊन घेतात. घरात इतर कुठेही तो घुमतो. कपाट ठकूच्या खोलीत, म्हणून काम ठकू झोपेल तेव्हाच. ती जागी असली की धड्यातला वाघसुद्धा मधेच "आई, शू!" म्हणायचा.

रेकॉर्डिंग तपासणाऱ्या बाईंचा निरोप सकाळीच आला होता. "वाचता छान हो तुम्ही, पण मागे गिरणी कसली चालते? हा धडाही परत करावा लागला, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका म्हणे! ठकू झाल्यापासून फक्त स्वतःचं म्हणावं असं तिच्याकडे एवढं एकच काम उरलं होतं.

पंखा साफ करून झाला होता. "ताई, वय झालंय त्याचं," दुरुस्तीवाला म्हणाला होता. "आता तो असाच धापा टाकणार."

उपाय घरात कालच येऊन पडला होता. नणंदेला नव्या नोकरीत हिशेबाचं काम विंडोजवरच करायचं होतं, म्हणून ती आपला मॅक ठेवून गेली होती. "वापरून बघ वहिनी. जमला तर मॅक तुझा, तुझा खटारा माझा. माझं ऑफिस भर रस्त्यावर आहे, मला कसली घरघर ऐकू येतेय! उद्या संध्याकाळी येते, हो की नाही तेवढं सांग."

तिनं जुना बंद केला आणि मॅक मांडीवर घेतला. मग सुरू झालं खरं नाटक. कॉपी करायला बोट सवयीनं कोपऱ्यातल्या बटणावर गेलं. काही झालं नाही. पडद्यावरची खिडकी बंद करायला उजवीकडे गेली, तर फुली डावीकडे. माइकची पिन बसेना. मराठी टाइप करायला घेतलं तर 'धडा'चं भलतंच काहीतरी उमटलं. दहा वर्षं ज्या घरात वावरलो त्या घरातले सगळे डबे कुणीतरी रातोरात हलवून ठेवावेत, तसं झालं तिला. कपाटातूनच तिनं दबक्या आवाजात नणंदेला फोन लावला.

"अगं, रेकॉर्ड केलेलं जातं कुठे?"

"वहिनी, तू कुजबुजतेयस का?"

"ठकू झोपलीय! सांग लवकर!"

"अगं, असेल तिथेच. तू घाबरतेस का? चावत नाही तो."

चावत नव्हता, पण तिचा जीव खात होता. अखेर पिन बसवायची जोडणी मिळाली, माइक लागला. तिनं श्वास रोखला. काही नाही. खरंच काही नाही! डोंगरातली शांतता अखेर डोंगरात पसरली. तिनं वाचायला सुरुवात केली आणि पहिलं पानही संपलं नाही तोच बाहेरून आवाज आला, "आई?"

थोपटून ठकूला पुन्हा झोपवलं. पुन्हा कपाट, पुन्हा शांतता, पुन्हा "आई?"

आता मात्र तिला रडू फुटायचंच बाकी होतं. धड्याचा पुढचा भाग जुन्यावरच राहिला होता. तो घ्यायला तिनं जुना चालू केला. घर्रर्र. धडा उतरवून होईपर्यंत ठकू हूं की चूं न करता झोपली. मॅक उघडला, दोन ओळी झाल्या, आणि ठकू गादीवर उठून बसली. "अगं, झोप ना गं बाई!" आई ओरडलीच, आणि तेही रेकॉर्ड झालं, अगदी स्वच्छ, स्पष्ट.

संध्याकाळी नणंद आली ती रिकामी पिशवी घेऊनच.

"काय ठरलं, वहिनी?"

"त्या लॅपटॉपला एकदाचं मार्गी लाव," नवरा म्हणाला. "नाहीतर एक दिवस माझ्या शर्टांसकट उडून जाईल तो."

तिनं पुसून स्वच्छ केलेला लॅपटॉप उचलला. बटणं शिकता येतील. दुसरा आवाज शोधायला तिला बाईंना निमित्तच द्यायचं नव्हतं. "ने," ती म्हणाली. "मॅक मी ठेवते."

ठकू एवढा वेळ मॅकला कान लावून बसली होती. नणंदेनं जुन्याची वायर गुंडाळायला घेतली तशी ती धावली आणि लॅपटॉपला दोन्ही हातांनी कवटाळून उभी राहिली.

"हा नाही द्यायचा!"

"अगं, ठकूताई, तुझ्या आईला नवा मिळालाय. बघ किती शहाणा आहे, अजिबात आवाज करत नाही," नणंद म्हणाली.

"म्हणूनच नको."

"का गं सोनू?" आई खाली वाकली.

"हा वाजतो तेव्हा तू कपाटात असतेस," ठकू म्हणाली. एवढं साधं आईला कसं कळत नाही, असा तिचा चेहरा होता. "तो तर गप्पच असतो. मग मी झोपले की तू इथेच आहेस, हे मला कसं कळणार?"