नकाशातला ऊस

विश्वजीतने मोठ्या पडद्यावर खेळ सुरू केला आणि संयोगिताला पहिल्याच नजरेत दिसला तो ऊस. कृष्णेच्या दोन्ही काठांना, नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तुऱ्यावर आलेला हिरवागार ऊस. वाऱ्याची झुळूक आली की सगळा पट्टा एका अंगाला लवत होता आणि पुन्हा सावकाश उभा राहत होता. खालच्या कोपऱ्यात सन लिहिला होता : १७०३.

"कसं वाटतंय, मॅडम?" विश्वजीतने विचारले.

सांगलीत एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याचा उद्योग चाले. 'मुलूख' हा त्यांचा पहिलाच मोठा खेळ : फौजा हलवायच्या, ठाणी राखायची, मुलूख सांभाळायचा. इतिहास सल्लागार म्हणून संयोगिता साताऱ्याहून सकाळच्या एसटीने येई. तिची ही चौथी खेप होती.

"हा ऊस कुठून आला?" तिने विचारले.

"ह्यांच्या रानातनं," विश्वजीतकडे बोट दाखवत यासीन म्हणाला. खेळातली सगळी चित्रे यासीनची. तो माधवनगरचा. इस्लामपूरजवळच्या विश्वजीतच्या गावी तीन दिवस राहून त्याने बांधाबांधावरून फोटो काढले होते, आणि एकेक पान मन लावून रेखाटले होते.

"यासीन, त्या काळी इथे असा ऊस नव्हता."

"अजिबात?"

"विहिरीच्या मोटेवर चार-दोन बिघे, गुऱ्हाळापुरता. बाकी सगळं रान जोंधळ्याचं. हा हिरवा समुद्र कालव्यांनंतरचा, उपसा सिंचनानंतरचा. तुझ्या आजोबांनीसुद्धा लहानपणी एवढा पाहिला नसेल."

यासीन पडद्याकडे पाहत राहिला. जन्मापासून बसच्या खिडकीतून जे दिसत आले, ते कधीकाळी तिथे नव्हतेच, हे त्याच्या पचनी पडेना. "मला वाटलं, नदी हाय म्हणजे ऊस हाय," तो म्हणाला.

"मॅडम, आधी हे खेळून बघा. मग बोलू," विश्वजीतने तिच्या हाती फोन दिला.

तिने तीन घोडदळाच्या तुकड्या उसात शिरवल्या. तुकड्या दिसेनाशा झाल्या. नदीकाठच्या वाटेने शत्रूची लांबलचक फौज निवांत चालत आली. तिने रणशिंगाच्या चित्रावर बोट ठेवले, आणि उसाचे तुरे तीन बाजूंनी थरथरत वाटेकडे धावले. घोडे बाहेर पडले तेव्हा ती नकळत खुर्चीच्या कडेला आली होती. फौज उधळली. संयोगिता हसली, आणि आपण हसलो याचाच तिला राग आला.

"ह्याच्यासाठी लोक खेळणार," विश्वजीत म्हणाला.

परतीच्या बसमध्ये तिला तो राग पुरला. नऊ वर्षे ती तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होती. तिचा प्रबंध पायमल्लीवर होता : फौजा येता-जाता उभी पिके तुडवत, आणि नुकसान झालेली गावे साऱ्यात सूट मागणारे अर्ज करत. मोडी कागदांत बोटे काळी करून तिने सहा वर्षे ते अर्ज वाचले होते. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात होता. तो आजवर एकानेही वाचायला मागितला नव्हता, हे तिने एकदा कार्ड पाहून खात्री करून घेतले होते. तिला जे माहीत आहे ते कोणीतरी आपणहून विचारावे, असे आयुष्यात पहिल्यांदा घडले ते विश्वजीतमुळे. खेळ उघडताना पडद्यावर नाव येणार होते : इतिहास सल्लागार, डॉ. संयोगिता शिंगटे. लाखभर लोक खेळतील, असा विश्वजीतचा अंदाज होता. लाखभर लोक तिच्या नावाखाली उसातून घोडे पळवणार होते.

तिने अकरा पानांचे टिपण पाठवले. ऊस काढा, शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा, लावा. जुना शाळू पुरुषाच्या डोक्यावर जाई, त्यात फौज लपेल. पण लपलेले घोडे पीक खातील आणि तुडवतील, म्हणून त्या गावची धान्याची कणगी रिकामी व्हायला हवी. दोन महिन्यांनी त्याच गावचा पाटील वैरण द्यायला नकार देईल. "खरा डावपेच हाच आहे," तिने शेवटी लिहिले. "लढाई जिंकावी की गाव राखावं, हे खेळणाऱ्याला ठरवू दे."

विश्वजीतच्या बाजूने एवढे सांगायलाच हवे की त्याने ते मनापासून केले. महिनाभर तो आणि यासीन राबले. यासीनने शाळूची कणसे अशी काढली की ती पडद्यावर जड वाटत.

चाचणीसाठी रविवारी कॉलेजची बारा मुले-मुली बोलावली. विश्वजीतचे वडील आकारामही तिथेच बसले होते. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पंपाची जळालेली मोटर नव्याने तार भरायला सांगलीत टाकली होती, ती संध्याकाळी मिळणार होती, तोवर त्यांना दुसरीकडे जायचे नव्हते.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग कणग्या रिकाम्या व्हायला लागल्या. पाटील वैरण देईनात. घोडे उपाशी राहिले. एकेक फोन खाली ठेवला गेला. संयोगिता वहीत खुणा करत होती : बारापैकी आठ जणांनी पहिल्या पायमल्लीनंतर खेळ सोडला.

"काय झालं?" तिने सोनिया नावाच्या मुलीला विचारले.

"मॅडम, जिंकले तरी पाटील ओरडतोय, हरले तरी ओरडतोय," सोनिया म्हणाली. "एवढं तर मला घरीच मिळतंय."

सगळे हसले. विश्वजीत हसला नाही. संयोगिताही नाही.

"आण्णा, तुम्ही बघा की जरा," यासीनने आकारामांच्या हाती फोन दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, तुकड्या कशा हलवायच्या ते दोनदा विचारून घेतले आणि नकाशा लांब धरून न्याहाळला.

"ही ज्वारी कुणाची?"

"गावाची."

"कुठल्या? दुश्मनाच्या?"

"आपल्याच, आण्णा."

"हुरड्याला आल्याली दिसती." त्यांनी बोटाने एकेक तुकडी उचलली आणि नदीकाठच्या पडीक माळावर, अगदी उघड्यावर, नेऊन उभी केली. शत्रू आला. त्याला सगळे लांबूनच दिसले. पाच मिनिटांत आकारामांची फौज संपली.

"हरलासा की, आण्णा," विश्वजीत म्हणाला. "ज्वारीत लपायचं हुतं."

"हरलो तर हरलो. उभ्या पिकात घोडी घालतोस व्हय रं? कुणी शिकिवलं तुला?"

"आवं, खेळ हाय तो."

"मग दुसऱ्याच्या रानात खेळ." त्यांनी फोन यासीनला परत दिला. "आन् मगाशी ह्यो यासीन म्हणत हुता, आधी ऊस हुता म्हणं. ती बी लबाडीच की. उसात शिरायचं तर मला अंगभर कापडं घालावी लागत्यात, पान चराचरा कापतंय. घोडं डोळं उघडं ठिवून पळंल कसं त्यातनं?"

यासीनने मान खाली घालून हसू दाबले. संयोगिताला मात्र एकाएकी इतके हलके वाटले की तिने वही मिटली. ज्या पिकासाठीचे अर्ज तिने सहा वर्षे वाचले, ते पीक या माणसाने पाच मिनिटांत राखून दाखवले होते. "बघितलंस?" ती विश्वजीतला म्हणाली. "त्यांनी हरायचं ठरवलं. खेळानं त्यांना ते ठरवू दिलं."

"मॅडम, आण्णा शेतकरी हायत," विश्वजीत थकल्या आवाजात म्हणाला. "त्यांनी डोळ्यांपुढं पीक बघितलं. पण त्या बारांतल्या आठ जणांनी फोन खाली ठेवला. मला त्या आठ जणांसाठी खेळ करायचाय."

पंधरा दिवसांनी त्याने कळवले : ऊस परत आला आहे. खेळ बाजारात आणणाऱ्या पुण्याच्या लोकांनी चाचणीचे आकडे पाहिले होते. शाळू नाही, कणगी नाही, पायमल्ली नाही. सोबत तिच्या नावाची पाटी पाठवली होती, मान्यतेसाठी.

ती दुसऱ्याच दिवशी सांगलीला गेली.

"माझं नाव काढ," ती म्हणाली.

"खोगिरं तुम्ही दुरुस्त केलीसा. बाजारांचे वार, मोट, एका दिवसात फौज किती कोस चालती, सगळं तुमचं हाय. नाव काढलं तर ते बी बिननावाचं जाणार."

"जाऊ दे. जे खोटं आहे त्याला माझी सही नको."

"खोटं कशाला म्हणता? लोकांना मजा यावी म्हणून थोडं हलवलंय."

"थोडं? एक अख्खं पीक हलवलंस, विश्वजीत. पोरांना वाटणार, लढाया झाल्या, जिंकल्या, आणि कुणाचं काही गेलं नाही."

यासीन मान वर न करता म्हणाला, "मॅडम, शाळू मी पुसलेला न्हाई. फाइल हाय माझ्याकडं." तिला त्याचे वाईट वाटले, आणि त्या फाइलने काही फरक पडणार नाही हेही कळले.

शेवटी तिने एक अट घातली. नाव राहील, पण त्याखाली तिच्या शब्दांत लिहिलेला मजकूर येईल. विश्वजीतने लगेच होकार दिला. इतका लगेच, की तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

साताऱ्याला घरी बसून तिने तो मजकूर अनेकदा लिहिला आणि खोडला. अखेर उरला तो असा : 'या खेळातला ऊस आपल्या काळातला आहे. त्या काळी येथे जोंधळा उभा असे. फौजेने तो तुडवला की गाव उपाशी राही. तशा गावांचे अर्ज आजही दप्तरांत आहेत.'

'मुलूख' ज्या दिवशी बाजारात आला, त्या दिवशी दुपारच्या सुटीत तिने प्राध्यापकांच्या खोलीत तो उघडला. तिचे नाव आले. मजकूर आला. 'तुडवला की' पर्यंत ती पोचली आणि पडद्यावर ऊस डुलू लागला. तिने खेळ बंद केला, पुन्हा उघडला. या वेळी 'फौजेने' पर्यंतच. चौथ्या खेपेला तिने खालून वर वाचायचा प्रयत्न केला. मग विश्वजीतला फोन लावला.

"मजकूर थांबतच नाही."

"खेळ उघडेपर्यंत दिसतो, मॅडम. फोन चांगला असला की लवकर उघडतो."

"जरा हळू करता येणार नाही?"

"लवकर उघडावा म्हणून आम्ही दोन वर्षं घातली हायत," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, आणि त्यामुळे तिला भांडताही येईना.

तिने फोन पालथा ठेवला. खिडकीबाहेर पटांगणात दोन मुले एका फोनवर वाकून बसली होती. 'मुलूख' असेल किंवा नसेल. उठून पाहायला जायचे तिने टाळले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाई, मी आकाराम. विश्वजीतचा बाप."

"बोला, काका."

"पोरानं खेळ घालून दिलाय मला. माझा फोन लय मठ्ठ. तुमचं लिवल्यालं समूर आलं, ते चा पिऊन झाला तरी तितंच. सगळं वाचलं. दोनदा वाचलं."

संयोगिताच्या हातातली उत्तरपत्रिका तशीच राहिली. "आणि मग खेळलात?"

"न्हाई. तितनंच बंद केलं. एक इचारायचं हुतं. त्या गावांनी अर्ज केलं म्हणता, त्याचं फुडं काय झालं? काय मिळालं का त्यास्नी?"

"बहुतेक अर्जांवर उत्तर सापडत नाही, काका."

"शोधलं न्हाई व्हय तुमी?"

"सहा वर्षं शोधलं."

पलीकडे पंपाचा आवाज येत होता. मोटर चालू झाली होती बहुधा.

"मग ते बी लिवायचं हुतं की त्यात," आकाराम म्हणाले.

"जागा नव्हती, काका," ती म्हणाली.