बिबट्या काही वेळ थांबेल

द्रौपदाबाई निवृत्त होऊन निरगुडसरला आल्या, पण एकतीस वर्षांचा माइक काही त्यांच्या तोंडापुढून हटला नाही.

शहरातल्या जुन्या स्टेशनावर त्या घोषणा करायच्या. नोकरीला लागल्या तेव्हा तिथं सहा फलाट होते, पाणी प्यायला सवड नव्हती. मग शहराबाहेर सरकत्या जिन्यांचं नवं स्टेशन झालं. लांबच्या गाड्या तिकडं गेल्या, त्यांच्या मागं हमाल गेले. वडेवाला गेला, तेव्हा बाईंनी ओळखलं, की आता काही खरं नाही. शेवटची दोन वर्षं दिवसाला एकच पॅसेंजर यायची. तिचीही घोषणा बाई तिन्ही भाषांत करायच्या. ऐकायला दोन कुत्री आणि एक शेळी. हिंदी सुरू झालं की कुत्री उठून जायची. मग एक दिवस स्टेशनाला कुलूपच लागलं.

घरी त्या नवऱ्याला म्हणायच्या, "कृपया लक्ष द्या. पिठलं थोड्याच वेळात ताटात येत आहे."

"अगं, नुसतं 'जेवा' म्हण की!" तुळशीदास वैतागायचे.

जानेवारीत ऊसतोड सुरू होती. एका दुपारी फडातून बिबट्या निघाला आणि गावाच्या रस्त्याला लागला. ग्रामपंचायतीचा शिपाई पप्पू भोंग्यावर ओरडला, "आला! आला! पळा!" कोण आला, कुठून आला, काही कळेना. निम्मं गाव इकडं पळालं, निम्मं तिकडं, आणि मोबाईलवाले थेट बिबट्याकडं.

सरपंच मंगलताई धापा टाकत द्रौपदाबाईंच्या दारात आल्या. "काकू, चला! तुमीच बोला आता!"

बाईंनी चावडीत जाऊन माइक पदरानं पुसला. तोंडानंच टिंग-टाँग केलं.

"ग्रामस्थांनी कृपया लक्ष द्यावे. उसाच्या फडातून नदीकडे जाणारा बिबट्या शाळेच्या रस्त्याने चावडीसमोर येत आहे. सर्वांनी पिवळ्या पट्टीच्या मागे उभे राहावे."

गावात पिवळी पट्टी कुठली? पण त्या आवाजापुढं कुणाची टाप नव्हती. लोक निमूट आपापल्या उंबऱ्याच्या आत गेले, दारं लागली. रस्ता रिकामा झाला.

बिबट्या आला. भोंग्याकडं बघून जागीच बसला.

"बिबट्या काही कारणास्तव चावडीसमोर थांबला आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मग त्यांनी तेच हिंदीत सांगितलं. बिबट्या उठला, आळस दिला आणि नदीच्या वाटेनं चालू लागला.

खिडक्या-खिडक्यांतून टाळ्या पडल्या. कितीतरी वर्षांनी त्यांचं बोलणं माणसांनी ऐकलं होतं.

एवढ्यात मंगलताईंचा फोन वाजला. पलीकडून नदीकाठच्या शेजारच्या पारगावचा कुणी विचारत होता, "ताई, तुमचा बिबट्या आमच्याकडं कितीला पोचंल?"

मंगलताईंनी फोन बाईंपुढं धरला. बाईंनी घड्याळ बघितलं. "पाच बावन्न."

बिबट्या पारगावात पाच पन्नासलाच दिसला. दोन मिनिटं आधी. बाईंना ते अजिबात आवडलं नाही.