पडद्यामागचा देव

रिसोडला दौलतरावांनी कापसाच्या रिकाम्या गोदामात सिनेमाघर काढलं. पडदा मधोमध टांगलेला. समोरून पुरुष बघायचे, मागून आम्ही बाया. चित्र आरपार दिसावं म्हणून पडदा पाण्यानं भिजवत. चित्रं मुकी, मधे अक्षरं यायची, पण आमच्यात वाचणारं कोण होतं?

माझ्या थोरल्या जाऊबाई, चतुराबाई, रोजच्या नेमाच्या. तुळशीला पाणी घातल्याशिवाय घोट घ्यायच्या नाहीत, अन् डाव्या हातानं भिकाऱ्यालाही काही द्यायच्या नाहीत. देवाचं चित्र लागलं म्हणूनच आल्या. चपला दाराशी काढून, ओच्यात फुलं घेऊन.

देव प्रकटला. आम्ही हात जोडले. देवानं हात उचलून भक्ताला आशीर्वाद दिला, तशा जाऊबाई ताडकन उठल्या.

"काहून हो दौलतराव, देवाले उजवा हात नाही काय? डाव्या हातानं आशीर्वाद देऊन राह्यला थो! चाला व बायांनो, हे पाप पाहू नका."

दौलतराव धावत आले, काही सांगू लागले. ऐकतं कोण? साऱ्या बाया उठल्या. मीही उठले.

गावभर झालं. बायांनी घरच्या माणसांनाही जाऊ दिलं नाही. गोदाम ओस पडलं. दौलतराव यंत्र विकायला निघाले, पण त्याआधी आमच्या दारी आले.

"वहिनी, एक डाव या. पुरुषांच्या बाजूनं पाहा. मंग म्हनाल थे खरं."

जाऊबाई मला घेऊन गेल्या. दारं लावून दौलतरावांनी यंत्राचा दांडा फिरवला. देवानं हात उचलला. उजवा.

जाऊबाई पडद्याआड गेल्या. तिकडे डावा. परत आल्या, पदर ओढून घेतला.

"तवाच काहून नाही सांगतलं?"

"सांगत होतो ना, वहिनी."

दुसऱ्या दिवशी त्या करंडा घेऊन घरोघर फिरल्या. "हळदीकुंकवाले या. घरी नाही, पडद्यामागं."

शेजारच्या कस्तुराबाईंनी दारातच टोमणा मारला, "काहून व माय, देवाचा हात सुधरला काय?"

"देवाचा बरोबरच होता," जाऊबाई खाली बघत म्हणाल्या. "मीच मांगून पाहून राह्यली होती."

संध्याकाळी बाया आल्या. देवानं डावा हात उचलला, साऱ्यांनी हात जोडले. एकट्या जाऊबाईंनी जोडले नाहीत. देवालाच चुकीचं ठरवलं या लाजेनं दोन्ही हातांनी तोंड झाकून त्या बसून राहिल्या.